उभ्या झाडाचा भाव

मुलाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदाच अमेरिकेला गेलेले आपल्याकडचे आईवडील घराच्या भिंतीवर टिचकी मारून बघतात. आतून पोकळ आवाज येतो आणि चेहरा पडतो. एवढं कर्ज काढून घेतलं ते हे खोकं? विटा-सिमेंटच्या मुलखातल्या माणसाला पटायला जड जातं, पण तिथे नव्याने बांधल्या जाणाऱ्या स्वतंत्र घरांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त घरांचा सांगाडा लाकडाचाच असतो. पाइन, स्प्रूस, फर अशा सूचिपर्णी झाडांचं लाकूड हलकं, सरळ आणि खिळा सहज घेणारं. त्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या ठोकायच्या, आतून जिप्समचे तक्ते मारायचे, की भिंत झाली. एका घराला असं साधारण पंधरा हजार बोर्ड फूट लाकूड लागतं. बारा बोर्ड फूट म्हणजे आपल्या वखारीच्या हिशेबाने एक घनफूट, तेव्हा साडेबाराशे घनफूट. तेही कागदावरचं, कारण तिथे ‘दोन बाय चार’ म्हणून विकली जाणारी पट्टी वाळवून, रंधा मारून झाल्यावर दीड बाय साडेतीन इंच भरते.

हे लाकूड सगळं अमेरिकेत होत नाही. गेली कित्येक दशकं त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा शेजारच्या कॅनडातून येतो. दोघांच्या सरहद्दीवर जंगल सलग आहे, झाडं बहुतेक तीच, यंत्रं तीच, गिऱ्हाईकही तेच. तरीही १९८२ पासून हे दोन देश या लाकडावरून कोर्टकचेऱ्या करत आहेत. पाच मोठे खटले झाले, तीनदा तडजोड झाली, अब्जावधी डॉलर वसूल झाले, काही परत गेले, आणि २०२५ मध्ये कॅनडाच्या लाकडावरचं एकूण शुल्क सुमारे ४५ टक्क्यांवर जाऊन पोचलं. इतकं लांबलेलं भांडण नुसत्या हट्टाचं नसतं. त्याच्या मुळाशी एक खरोखरच अवघड प्रश्न आहे: जंगलात उभ्या असलेल्या झाडाची किंमत काय, आणि ती ठरवायची कोणी?

कॅनडातलं नव्वद टक्क्यांहून जास्त जंगल सार्वजनिक मालकीचं आहे, आणि त्यातलं बहुतेक तिथल्या प्रांतांच्या ताब्यात आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबियात तर सुमारे ९५ टक्के जमीनच सरकारी. तिथली लाकूड कंपनी जंगल विकत घेत नाही. प्रांताकडून दीर्घ मुदतीचा परवाना घेते, रस्ते बांधते, तोडलेल्या जागी पुन्हा रोपं लावते आणि तोडलेल्या प्रत्येक घनमीटरमागे प्रांताने ठरवलेला दर भरते. हा उभ्या झाडाचा दर.

अमेरिकेत चित्र उलटं. तिथलं निम्म्याहून जास्त जंगल खासगी आहे, आणि आग्नेयेकडच्या राज्यांत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, आर्कान्सा या पट्ट्यात, पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढे. तिथे झाड हे शेतातल्या उभ्या पिकासारखं असतं. मालक गिरणीवाल्यांशी भाव ठरवतो, पटलं तर विकतो, नाही पटलं तर आणखी दोन वर्षं वाढू देतो.

मग अमेरिकी गिरणीवाल्यांचं म्हणणं असं, की आम्ही बाजारभावाने झाड घेतो आणि कॅनडावाल्यांना सरकार ते स्वस्तात देतं, तेव्हा ही सबसिडीच झाली. कॅनडाचं उत्तर असं, की आमच्या गिरण्या रस्ते, लागवड, आगीपासून राखण यांचाही खर्च उचलतात. नुसता दर पाहून चालणार नाही. शिवाय दर स्वस्त आहे हे कशाशी ताडून म्हणता?

इथे गाडी खरी अडते. आपल्याकडे बल्लारशाहच्या आगारात सरकारी सागवान रचून ठेवतात आणि त्याचा लिलाव होतो. जंगल सरकारचं असलं तरी भाव बोलीतून निघतो, त्यामुळे ‘सरकारने स्वस्तात दिलं’ असं म्हणायला फारशी जागा उरत नाही. कॅनडात बहुतेक लाकडाचा असा लिलावच नव्हता. सूत्र होतं, तक्ते होते. ज्याचा बाजारच भरत नाही त्याचा बाजारभाव काढायचा, तर दुसरीकडच्या बाजाराची मोजपट्टी आणावी लागते. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने अलीकडच्या खटल्यात ब्रिटिश कोलंबियासाठी शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ओंडक्यांचे भाव धरले; अल्बर्टा, ओंटारिओ आणि क्वेबेकसाठी पूर्व टोकाच्या नोव्हा स्कोशियातल्या खासगी जंगलांचे. अटलांटिककाठच्या लहान लहान खासगी रानांतला भाव रॉकी पर्वताच्या पायथ्याला लावायचा! कॅनडाने याची यथेच्छ टिंगल केली. पण टिंगल करणाऱ्यांपाशीही सर्वांना पटेल अशी दुसरी मोजपट्टी नव्हती. मला दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या वाटतात. सरकारने ठरवलेला दर बाजाराइतका चोख असेल यावर विश्वास ठेवणं कठीण, आणि हजारो किलोमीटरवरचा भाव आणून ‘एवढी सबसिडी’ असा दशांश चिन्हापर्यंतचा आकडा काढणं तितकंच कठीण.

भांडण १९८२ पेक्षा जुनं आहे, हेही सांगायला हवं. अमेरिकेतलं मेन राज्य आणि आजच्या कॅनडातलं न्यू ब्रन्सविक यांच्या सीमेवर १८३८-३९ मध्ये लाकूडतोड्यांच्या वादावरून दोन्हीकडचं सैन्य जमवण्यापर्यंत मजल गेली होती. १८४२ च्या तहाने सीमा आखली तेव्हा ते निवलं. १८५४ ते १८६६ अशी बारा वर्षं कॅनडाचं लाकूड अमेरिकेत शुल्काविना जात होतं. पुढे १८९७ मध्ये अमेरिकेने हजार बोर्ड फुटांमागे दोन डॉलर जकात बसवली. ओंटारिओने दुसऱ्याच वर्षी कायदा केला: आमच्या सरकारी जंगलातला पाइनचा ओंडका आमच्याच भूमीवर कापला पाहिजे. तोवर मिशिगनच्या गिरण्या ह्युरॉन सरोवरातून ओंडक्यांचे तराफे ओढून नेत होत्या. ते थांबलं, आणि काही मिशिगनवाल्यांनी सरळ ओंटारिओच्या किनाऱ्यावरच गिरण्या काढल्या. जकातीला उत्तर म्हणून गिरणीच सीमा ओलांडते, ही गोष्ट पुढे शंभरेक वर्षांनी उलट दिशेने घडायची होती.

आधुनिक खटल्यांची कथा सविस्तर सांगितली तर वाचक झोपी जाईल, म्हणून वळणंच सांगतो. १९८३ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने निकाल दिला की कॅनडाच्या दरात दखल घेण्याजोगी सबसिडी नाही. तीनच वर्षांनी त्याच खात्याने प्राथमिक निष्कर्ष काढला की आहे, आणि ती १५ टक्के आहे. दरम्यान कॅनडाच्या जंगलात काही बदललं नव्हतं. राजधानी वॉशिंग्टनमधली हवा बदलली होती. शुल्क भरून पैसा अमेरिकेच्या तिजोरीत घालण्यापेक्षा तो आपल्याच तिजोरीत यावा म्हणून कॅनडाने १९८६ च्या अखेरीस स्वतःच आपल्या निर्यातीवर १५ टक्के कर बसवायचं कबूल केलं. १९९१ मध्ये हा करार कॅनडाने मोडला. पुन्हा खटला, १९९२ मध्ये ६.५१ टक्के शुल्क. या वेळी दोन देशांत मुक्त व्यापार करार झालेला होता, त्यामुळे वाद दोन्हीकडच्या तज्ज्ञांच्या लवादापुढे गेला. लवादाचा अखेरचा कौल तीन विरुद्ध दोन असा पडला, आणि फूट राष्ट्रीयत्वाच्या रेषेवरच होती. वरच्या समितीतही तसंच, दोन कॅनेडियन एका बाजूला, एक अमेरिकन दुसऱ्या. कॅनडा जिंकला, शुल्क परत मिळालं.

१९९६ च्या करारात कर नव्हता, कोटा होता. चार मोठ्या प्रांतांतून वर्षाला १४.७ अब्ज बोर्ड फूट लाकूड शुल्काविना येईल, त्यावर गेलं की पैसे भरा. कोटा आला की पळवाट आलीच. भिंतीच्या उभ्या पट्टीला वायर जाण्यासाठी भोक पाडतात. काही निर्यातदारांनी ते भोक गिरणीतच पाडून पाठवायला सुरुवात केली. भोक पाडलेली पट्टी म्हणजे कापीव लाकूड नव्हे, सुतारकामाचा तयार भाग, आणि तयार भागाला कोटा लागू नाही! अमेरिकी सीमाशुल्क खात्याने हे आधी मान्य केलं आणि वर्षभराने फिरवलं.

करार २००१ मध्ये संपला आणि चौथा, सर्वांत कडू खटला सुरू झाला. २००२ मध्ये सबसिडीविरोधी आणि डम्पिंगविरोधी (म्हणजे खर्चाहून स्वस्तात परदेशात विकण्याविरुद्धचं) मिळून सरासरी २७.२२ टक्के शुल्क बसलं. आता गंमत पाहा. शुल्क बसल्यावर कॅनडाच्या बऱ्याच गिरण्यांनी उत्पादन कमी केलं नाही, उलट वाढवलं. जास्त लाकूड कापलं की नगामागे स्थिर खर्च कमी पडतो, आणि पुढच्या फेरतपासणीत डम्पिंगचा टक्का खाली येण्याची आशा असते. त्यामुळे काही काळ बाजारात लाकूड वाढलं आणि भाव पडला. २००६ च्या ऑक्टोबरात नवा करार लागू झाला तोवर अमेरिकेने पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमा केली होती. त्यातले सुमारे चार अब्ज परत गेले, एक अब्ज अमेरिकेतच राहिले, आणि त्यातले पन्नास कोटी डॉलर खटला गुदरणाऱ्या गिरणीवाल्यांच्या पदरात पडले. कोर्टात बरंचसं हरूनही वाटाघाटीत एवढं हाती लागत असेल, तर पुढचा खटला कोण भरणार नाही?

पण इतकी वर्षं या निकालांचे आकडे मांडत बसलेल्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. दोन देशांच्या लाकूडव्यापारात जे मोठे चढउतार झाले, ते पाहिले तर शुल्काचा हात त्यात आहे, पण मोठा हात दुसऱ्यांचाच आहे. एक घुबड, एक किडा आणि कापसाच्या जुन्या शेतांत लावलेली रोपं.

घुबड आधी. अमेरिकेच्या वायव्येकडच्या वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्निया या भागात केंद्र सरकारची जुनी प्रचंड जंगलं आहेत. तिथे राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला १९९० मध्ये धोक्यातली प्रजाती म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. न्यायालयाने तोड थांबवली, १९९४ मध्ये नवा वन आराखडा आला, आणि त्या सरकारी जंगलांतली तोड ऐंशी टक्क्यांहून अधिक घसरली. घरं बांधणं तर थांबलं नव्हतं. ही पोकळी भरायला शेजारी कॅनडाच होता. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या बाजारातला कॅनडाचा वाटा पस्तीस टक्क्यांच्या आसपास गेला. १९९६ चा कोटा ज्या पुराविरुद्ध बांध म्हणून घातला, तो पूर निम्मा तरी अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्याने आलेला होता. घुबड वाचवायचा निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. त्याचा भार कुठल्या जंगलावर पडला ते बघा, एवढंच.

मग किडा. ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या पठारावर लॉजपोल पाइनची अफाट जंगलं आहेत. त्या झाडाच्या सालीखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक भुंगेरा राहतो, मराठीत ज्याला पर्वतीय पाइन भुंगेरा म्हणता येईल. तो तिथला जुनाच रहिवासी. हिवाळ्यात पारा उणे चाळीसच्या आसपास उतरून काही दिवस तिथेच राहिला की अळ्या मरतात आणि संख्या आटोक्यात राहते. नव्वदीच्या अखेरीपासून असे हिवाळे विरळ झाले. त्यातच अनेक दशकं वणवे विझवत आल्यामुळे एकाच वयाची, म्हातारी पाइनची झाडं मैलोन्‌मैल उभी होती. भुंगेऱ्याला यापेक्षा चांगली मेजवानी कुठली! दीड दशकात त्याने १.८ कोटी हेक्टर क्षेत्राला विळखा घातला आणि प्रांतातलं विक्रीयोग्य पाइनचं निम्मं लाकूड मारलं. हिरवे डोंगर आधी लाल झाले, मग राखाडी.

मेलेलं झाड काही वर्षांत तडकतं आणि कापण्यालायक राहत नाही. म्हणून प्रांताने तोडीची मर्यादा वाढवली: सडण्याआधी कापून घ्या. गिरण्या अहोरात्र चालल्या. २००५ च्या सुमारास कॅनडातून अमेरिकेत वर्षाला सुमारे २१ अब्ज बोर्ड फूट लाकूड जात होतं, हा शिखराचा काळ. त्या वर्षी अमेरिकेत वीस लाखांहून अधिक घरांची कामं सुरू झाली होती, त्यामुळे सगळं खपलंही. चार वर्षांत घरबांधणीचा फुगा फुटला. २००९ मध्ये साडेपाच लाख घरंसुद्धा कशीबशी सुरू झाली. आणि भुंगेऱ्याने मारलेली झाडं तर उभीच होती. त्यांचं लाकूड बुरशीने निळसर पडतं; मजबुतीला फारसा धक्का लागत नाही, पण रूप जातं. ब्रिटिश कोलंबियाने ते जहाजांनी चीनकडे वळवलं. तिथे गगनचुंबी इमारतींना सेंट्रिंगच्या फळ्या हव्या होत्या, आणि काँक्रीट ओतल्यावर फळीचा रंग कोण बघतो?

हा किडा कोर्टातही गेला. किडक्या, कमी प्रतीच्या झाडाला प्रांत घनमीटरमागे फक्त पंचवीस सेंट दर लावायचा. अमेरिकेने आरोप केला की या सवलतीच्या प्रतीत चांगलं लाकूडही घुसवलं जातंय. लंडनच्या आंतरराष्ट्रीय लवादाने २०१२ मध्ये अमेरिकेचा दावा फेटाळला. त्याआधीच, २००३ पासून, ब्रिटिश कोलंबियाने एक शहाणपणा केला होता. सुमारे वीस टक्के लाकूड लिलावाने विकायचं आणि त्या बोलींवरून उरलेल्या लाकडाचा दर काढायचा. म्हणजे बल्लारशाहच्या दिशेने एक पाऊल. अमेरिकेचं समाधान झालं नाही. तिचं म्हणणं, बोली लावणारे तेच मोठे परवानाधारक, मग ती बोली खुली कशी?

कापता येण्याजोगं मेलेलं लाकूड संपलं तसा हिशेब उलटला. निम्मं पाइन मेलेलं, नवी रोपं लहान. तिथल्या थंडीत कापण्याजोगं झाड व्हायला साठ ते शंभर वर्षं लागतात. त्यावर २०१७, २०१८, २०२१ आणि २०२३ चे भयंकर वणवे. शिवाय उरलेली पुरातन जंगलं राखण्याचे निर्णय. प्रांताची तोड २००५ च्या मानाने निम्म्याहून खाली आली आणि गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. प्रिन्स जॉर्ज, क्वेनेल, ह्यूस्टन, व्हॅन्डरहूफ या गावांत गिरणी बंद पडणं म्हणजे आपल्याकडे एखाद्या तालुक्यातला साखर कारखाना बंद पडण्यासारखंच: पगार तर जातोच, ट्रकवाले, फिटर, हॉटेलं, शाळेतली पटसंख्या सगळंच ओसरतं.

आता तिसरी गोष्ट, रोपांची. अमेरिकेच्या आग्नेयेला लॉब्लॉली पाइन उष्ण-दमट हवेत झपाट्याने वाढतो. पंचवीस-तीस वर्षांत ओंडका गिरणीजोगा होतो. १९८५ च्या शेतीविषयक कायद्याने धूप होणारी जमीन पिकाखालून काढण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले आणि अनेकांनी तिथे पाइन लावले. ही झाडं २०१० च्या दशकात तयार झाली. त्याआधीच्या मंदीत भाव पडले म्हणून मालकांनी थांबवून ठेवलेली झाडंही जाडजूड होऊन उभी होतीच. लाकूड उदंड, ओंडक्याचा भाव वर्षानुवर्षं मातीमोल. गिरणीवाल्याला याहून काय हवं? ओंडका स्वस्त, शुल्क नाही, बाजार दाराशी.

आणि हे सर्वांत आधी कोणी ओळखलं? कॅनडाच्याच कंपन्यांनी. वेस्ट फ्रेझरने २००७ मध्ये इंटरनॅशनल पेपरच्या तेरा गिरण्या विकत घेतल्या; कॅन्फॉरने २००६ मध्ये कॅरोलायनात पाय रोवला; इंटरफॉरही मागून गेली. व्हँकुव्हरमध्ये मुख्य कार्यालय आणि गिरण्या जॉर्जिया-अलाबामात, असा नकाशा तयार झाला. आज कॅन्फॉरची अमेरिकेतली क्षमता ब्रिटिश कोलंबियातल्या क्षमतेहून मोठी आहे. म्हणजे कॅनडावर बसलेलं शुल्क या कंपन्या एका हाताने भरतात आणि त्याच शुल्कामुळे वधारलेला भाव दुसऱ्या हाताने अमेरिकेत घेतात. ज्या गिरणीकामगाराचं गाव ओस पडलं त्याला असे दोन हात नाहीत. ‘कॅनडा विरुद्ध अमेरिका’ अशी बातमी वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं. अमेरिकेतही एक बाजू नाहीच. गिरणीवाल्यांची संघटना शुल्क मागते आणि घरबांधणी व्यावसायिकांची संघटना दर वेळी त्याविरुद्ध बोंब मारते, कारण शेवटी लाकूड महागतं ते घर घेणाऱ्यासाठी.

वीस वर्षांतला फरक ठोकळ आकड्यांत असा. २००५ च्या सुमारास अमेरिकेत ४० अब्ज आणि कॅनडात ३५ अब्ज बोर्ड फूट लाकूड कापलं जात होतं, जवळजवळ तोडीस तोड. २०२३ च्या सुमारास अमेरिका सुमारे ३७ अब्जांवर आणि कॅनडा २० अब्जांच्या आसपास, म्हणजे निम्म्याच्या जरा वर. कॅनडाची अमेरिकेकडची निर्यात २१ वरून १२ अब्जांपर्यंत उतरली, बाजारातला वाटा चौथ्या हिश्शापर्यंत. उरलेली जागा दक्षिणेच्या पाइनने भरली, आणि काही प्रमाणात जर्मनी, स्वीडनहून येणाऱ्या लाकडाने. कॅनडानेही नवी गिऱ्हाइकं शोधली. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी संस्थेने ‘कॅनेडियन वुड’ या नावाने मुंबईत कार्यालय थाटून आपल्या फर्निचरवाल्यांना हेमलॉक आणि डग्लस-फरची ओळख करून दिली. सागवानावर जीव असलेल्या देशात ते अजून तरी पाहुणंच आहे.

२००६ चा करार संपल्यावर पाचवा खटला २०१६ च्या नोव्हेंबरात दाखल झाला आणि तो अजून संपलेला नाही. यात शुल्काचा दर दरवर्षी नव्याने काढतात, मागच्या काळातले भाव पाहून. म्हणून तो झोपाळ्यासारखा हलत राहतो: २०१७ मध्ये सरासरी २० टक्के, २०२० मध्ये ९, २०२१ मध्ये १८, २०२२ मध्ये साडेआठ, २०२४ मध्ये साडेचौदा. आयातदार आज पैसे भरतो ते ठेव म्हणून. खरं देणं किती हे दोन-तीन वर्षांनी कळतं. मधल्या काळात करोनात लोक घरी बसून घरं दुरुस्त करू लागले आणि हजार बोर्ड फुटांचा वायदा भाव मे २०२१ मध्ये सतराशे डॉलरवर गेला. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो तीनशेच्या आत होता. अशा उड्यांपुढे नऊ टक्के की अठरा टक्के, हा वाद किरकोळ वाटतो. न्याय मागायला जावं तर तेही दार अर्धवट बंद. २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनी बहुतेक मुद्द्यांवर कॅनडाच्या बाजूने निर्णय दिला. अमेरिकेने अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ मात्र आदल्या डिसेंबरपासून सदस्यांअभावी बंद होतं, आणि सदस्य नेमू न देणारी अमेरिकाच होती.

२०२५ च्या उन्हाळ्यात वार्षिक फेरतपासणीत दर ३५.१९ टक्क्यांवर गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी लाकूड उद्योगासाठी मदत जाहीर केली: सत्तर कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत कर्जहमी आणि पन्नास कोटी नव्या वस्तू, नवे बाजार शोधण्यासाठी. १४ ऑक्टोबरला अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन सगळ्याच देशांच्या मऊ, म्हणजे सूचिपर्णी लाकडावर आणखी १० टक्के बसवले. जर्मन लाकडावर १० आणि कॅनडाच्या लाकडावर सुमारे ४५, असा प्रकार झाला. एवढ्याने लाकूड आभाळाला भिडायला हवं होतं. घडलं उलटं. शुल्क वाढणार म्हणून व्यापाऱ्यांनी आधीच गोदामं भरून ठेवली होती, व्याजदर चढे असल्याने घरबांधणी थंड होती, आणि ऑगस्टच्या आरंभी वर गेलेला वायदा भाव सप्टेंबरात घसरला.

आणि दक्षिणेतली भरभराटही वाटते तितकी निर्धोक नाही. गोल ओंडका चौकोनी कापला की त्याचा बराच भाग फळी होत नाही. ढलप्या, भुसा, साल निघते. ढलप्या कागदाच्या लगद्याच्या कारखान्याला विकायच्या, त्यावर गिरणीचा नफा टिकतो. ते कारखाने आता बंद पडत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना आणि राइसबरो इथले दोन बंद झाले. ढलप्या घ्यायला कोणी नसेल तर फळीही कापता येत नाही, मग सीमेवर शुल्काची भिंत कितीही उंच असो.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वेस्ट फ्रेझरने एकाच घोषणेत दोन गिरण्या कायमच्या बंद करत असल्याचं सांगितलं. एक ब्रिटिश कोलंबियातल्या हंड्रेड माइल हाउस इथली, कारण परवडेल असं पुरेसं झाड उरलं नाही. दुसरी जॉर्जियातल्या ऑगस्टाची. तिथे झाडं भरपूर होती, ढलप्या घेणारं कोणी नव्हतं.